पाठुंगळीची आयात

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते धुरात.

संस्थेच्या मागच्या दाराशी, जिथे माल उतरवतात तिथे, एक उंच माणूस माझ्या खोक्यावर वाकला होता. झाकण सताड उघडं. आतल्या कोरड्या बर्फाचा पांढरा धूर त्याच्या बाह्यांवरून ओघळतोय, आणि हा बाबा निवांतपणे आत थर्मामीटर खोचतोय!

"झाकण लावा!" मी पायऱ्यांवरूनच ओरडले.

त्यानं दचकून झाकण लावलं. स्वतःच्याच बोटावर.

"आई गं..."

"बोटाचं राहू द्या. आत माझं प्रथिन आहे. ते वितळलं तर माझं वर्ष वाया!"

"नाही वितळणार. बर्फ तळाला गेला होता, काल गोदामात भांडून पुन्हा भरून घेतलाय." बोटावर फुंकर घालत तो म्हणाला, "हे खोकं विमानातून उतरल्यापासून मी ह्याच्यामागे फिरतोय. तुमच्याहून माझाच जीव जास्त जडलाय ह्याच्यावर."

मी खोकं घ्यायला पुढे झाले. आणि माझ्या लक्षात आलं, त्याच्या भुवयांवर बर्फाचा बारीक भुरका बसलाय... तो पुसावासा वाटतोय, हे लक्षात आल्यावर मी खोकं उचलून आत पळाले.

त्याचं संशोधन आयातीवर होतं. बाहेरून आलेला नाशवंत माल कुठल्या फाटकावर किती ताटकळतो आणि का ताटकळतो, हे शोधायचं. त्यासाठी निवडक खोक्यांच्या मागे तो थेट टेबलापर्यंत यायचा. आमच्या प्रयोगशाळेत बाहेरून बरंच काही मागवलेलं असायचं, म्हणून तोही यायचा. मग काही मागवलेलं नसतानाही यायला लागला. आमच्या सरांनी त्याचं नावच 'आयातवाले' ठेवलं.

"काय आयातवाले, आज काय आलंय?"

"काही नाही सर. मीच आलोय."

सर माझ्याकडे बघून खाकरायचे. मी बर्फाच्या बादलीत हात घालून उगाच नळ्या शोधायची.

माझंही संशोधन आयातीवरच. माझं बंदर तेवढं यीस्टच्या पेशीत होतं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली वीजघरं; त्यांच्याबाहेर बनलेली प्रथिनं आत कशी शिरतात, हे मी बघत होते. एकदा चहाच्या मशीनपाशी त्यानं विचारलंच, "म्हणजे तुमच्याकडेही कस्टम्स आहे म्हणा ना!"

"आहे. आणि तुमच्यापेक्षा कडक. प्रथिनाच्या पुढच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी असते. दार ती ओळखतं. मग त्या प्रथिनाला सगळी घडी मोडून, सुतासारखं सरळ होऊन आत जावं लागतं."

"अरे बापरे! आणि आत गेल्यावर?"

"चिठ्ठी कापतात. मग पुन्हा घडी पडते."

"सासरी गेल्यासारखंच की हो."

मला हसू फुटलं. चहा सांडला. त्यानं तो माझ्या बोटांपर्यंत पोचायच्या आत पुसला.

"आणि ज्याच्याकडे चिठ्ठीच नाही, तो?" त्यानं जरा हळू विचारलं.

"तो बाहेर."

"कायमचा?"

"एक दुसरं छोटं कोठार असतं, पेरॉक्सिझोम. तिथे घडी न मोडता आत जाता येतं. आणि कधीकधी बिनचिठ्ठीचं प्रथिन चिठ्ठीवाल्याला घट्ट चिकटतं, त्याच्या पाठुंगळीला बसून आत जातं."

"ह्याला आमच्यात तस्करी म्हणतात."

"आमच्यात आयातच म्हणतात."

तो बघत राहिला... आणि मला घड्याळ आठवलं, पाळणाघर आठवलं, माझी लेक आठवली.

लेकीला आम्ही टिल्ली म्हणतो. चार वर्षांची आहे. तिचे बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा ती रोज खिडकीत बसून रस्ता बघायची. मी हाक मारली तर म्हणायची, "थांब ना, येतील आता." तेव्हा मी ठरवलं होतं, आता आमच्या उंबऱ्याच्या आत कुणी नाही. कितीही गोड बोलणारा असला तरी नाही.

म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवून असायची. संध्याकाळी आमच्याबरोबर चालत यायचा, तेव्हा मांजरीसारखी टपून बघायची, कुठे चुकतो का. चुकत नव्हता मेला! टिल्लीशी बोलताना गुडघ्यावर बसायचा. बिस्किट द्यायच्या आधी माझ्याकडे बघायचा. रस्त्यानं गाड्यांच्या बाजूला स्वतः चालायचा. तिच्या बुटाची नाडी सुटली, तर आधी तिलाच विचारायचा, "बांधू का, मॅडम?" ती पाय पुढे करायची, राणीसारखा. मग आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी तो थांबायचा आणि परत फिरायचा. मी कधी वर बोलावलं नाही. त्यानं कधी वर पाहिलं नाही.

आणि मग तो दिवस आला. यीस्ट फोडून काढलेल्या मायटोकॉन्ड्रिया बर्फात तयार होत्या. ताज्या असेपर्यंतच त्यांची दारं चालतात, नंतर सगळं फुकट. आणि त्या खोक्यातल्या प्रथिनाची शेवटची नळी उरली होती. तेवढ्यात पाळणाघरातून मावशींचा फोन. नळ फुटलाय, सगळी पोरं घरी गेलीत, टिल्ली एकटीच उरलीय.

एकटीच. फाटकाकडे बघत बसली असेल... मी नळी परत बर्फात खोचली.

"मी जातो," नेहमीसारखा दारात टेकलेला तो म्हणाला.

"मावशी तुमच्याकडे देणार नाहीत तिला. आणि..." मला सांगताना लाज वाटली, पण सांगितलं. "मी त्यांना फोन करून द्या म्हणणारही नाही."

"नका म्हणू. मी फाटकाबाहेर थांबतो. तिला कुणीतरी आलेलं दिसेल, एवढंच."

रागावला नाही. मान हलवली आणि गेला. मी नळ्या भरल्या. एक थेंबही सांडला नाही.

काम आटोपून धावत पोचले, तर फाटक बंद. आत पालथ्या बादलीवर टिल्ली. बाहेर फूटपाथवर मांडी घालून हा. गजांतून एकेक वाळलं पान आत सरकवतोय आणि टिल्ली प्रत्येक पान उलटसुलट करून तपासतेय.

"हे नाही चालणार. ह्याला भोक आहे."

"मॅडम, मघाशी असंच सोडलंत की!"

"मघाशी मी नवीन होते."

पोछा पिळत मावशी मला म्हणाल्या, "केव्हाचे बसलेत. आत खुर्ची देते म्हटलं, तर म्हणाले, तिच्या आईनं सांगितलेलं नाही. असा माणूस नाही बघितला बाई मी."

मीही नव्हता बघितला.

परत येताना टिल्ली त्याच्या पाठुंगळीला. दिव्यापाशी तो नेहमीसारखा थांबला.

"माझं इथलं काम संपलं," तो म्हणाला. "दुसऱ्या बंदरावर बोलावलंय. जायचं की इथे राहून संशोधन लिहून काढायचं, ते माझ्यावर आहे. म्हणजे... तुमच्यावर आहे."

"मला माझी काळजी नाही हो. हिला पुन्हा खिडकीत बसवायचं नाही मला."

त्यानं लगेच वचनबिचन दिलं नाही. टिल्लीला जरा वर सरकवलं, विचार केला.

"मी राहतो. तुम्ही दार उघडा, नका उघडू. ताटकळण्यावरच पोट आहे माझं. फक्त... सुतासारखा सरळ होईन असं नाही सांगत. घोरतो मी. चहा फार पितो. माझी घडी आहे ती आहे."

"आयातवाले," पाठीवरून झोपाळू आवाज आला, "वर चला ना. जिन्यात मला भीती वाटते."

मी पुढे होऊन जिन्यातला दिवा लावला.

वर येऊन कुलूप काढलं, दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा. टिल्लीचा गाल त्याच्या खांद्यावर चेपलेला, तोंड उघडं.

"माझ्याकडे चिठ्ठी नाही," तो कुजबुजला.

"पाठीवर आहे ना."

"उलटं झालं की. चिठ्ठीवालीच पाठीवर."

"चालतं. दोघं घट्ट चिकटलेले असले म्हणजे झालं."

"ही तस्करी आहे बरं का..."

"हळू. उठेल ती."

त्यानं पायाकडे पाहिलं. बूट काढायचे, पण दोन्ही हात टिल्लीखाली गुंतलेले. नाड्या कोण सोडणार?

मी खाली वाकले. "सोडू का, साहेब?"

आणि त्यानं पाय पुढे केला.