उंबरठ्याखालचा आवाज

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. मोबाइल खिशात घाला आणि मधे मधे "मामा, पुढे काय, पुढे काय" करू नका. मी पदरचं काही घालून सांगत नाहीये. ज्याच्याबरोबर हे घडलं तो माझा जोडीदार. बावीस वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. गाण्याच्या नावानं शंख, पण कान असा की फोनवर तुमचा आवाज ऐकून सांगेल, तुम्ही उभे आहात की लोळताय.

काम साधं होतं. रेडिओ स्टेशनवरचा जुना प्रोसेसर काढून तिथं नवा बसवायचा. एफएमला आणि नव्या डिजिटल चॅनेलला मिळून एकच. अशी कामं रात्री दोन ते तीनमधेच करतात, कारण तेव्हा ऐकणारे कमी असतात. चौदा नोव्हेंबर. मंगळवार संपून बुधवार लागला होता. कानसेन जेवून, पान खाऊन, खोकं घेऊन एकटाच गेला.

प्रोसेसर म्हणजे माईक आणि मनोरा यांच्या मधली एक पेटी. बोलणारा हळू बोलला तर ती आवाज वर उचलते, ओरडला तर खाली दाबते. तुमची मामी घरात माझं जे करते, तेच. त्या पेटीत एक दार असतं. पंख्याची घरघर, कागदाची सळसळ, असले बारीक आवाज बाहेर जाऊ नयेत म्हणून. किती बारीक आवाज अडवायचा, ती रेघ म्हणजे उंबरठा. आम्ही दार आणि उंबरठा असंच म्हणायचो. उंबरठ्याच्या वरचा आवाज बाहेर जातो. खालचा असेल तर पेटी दार लावून घेते.

आता बाईंचं सांगतो. बाई आमच्याकडे रात्री बारा ते तीन बोलायच्या. साठीला आलेल्या. आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करायच्या. त्यांना दमा होता, त्यामुळे दोन वाक्यांमधे घेतलेला श्वास ऐकू यायचा. रात्रपाळीचे लोक पत्रं पाठवायचे, की बाई शेजारी बसून बोलतात असं वाटतं. पण आमच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या. "ही धाप कसली? रेडिओ लावलाय की दवाखाना? कापा तो श्वास."

आणि कानसेननं कापला. उंबरठा चांगला वर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्याला म्हणाल्या, "उंबरठा उंच केलास होय रे? म्हातारी माणसं अडखळून पडतात." आम्ही हसलो. दोघंही! त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पुढे साहेबांनी रात्रीचा टेक्निशियनही काढून टाकला. म्हणे, मशीन आहे की बघायला. मग काय, चार भिंती, जाड दार, काच, आणि आत एकटी दमेकरी बाई.

त्या नोव्हेंबरच्या आधी चौदा महिने, सतरा सप्टेंबरला, रात्री त्यांना धाप लागली. आवाज बारीक झाला. पेटीनं काय केलं? सांगितलं होतं तेच केलं. दार लावून घेतलं. वीस सेकंद शांतता झाली की राखीव गाणी आपोआप लागतात, तशी ती लागली. आमच्या मोबाइलवर हिरवा दिवा. सगळं झकास! सकाळी सहाला झाडणाऱ्या मावशींना बाई दिसल्या. टेबलाखाली.

बाईंचे यजमान घड्याळजी. एका अपघातात त्यांचे पाय गेले होते. ते रोज उशाशी रेडिओ आणि हातात फोन घेऊन जागे असायचे. नवराबायकोचं ठरलेलं होतं, काही झालं तर तिनं माईकवरच हाक मारायची, मग ते कुणाला तरी फोन करून उठवतील. आठ दिवसांनी ते चाकाच्या खुर्चीतून ऑफिसात आले. एकच प्रश्न विचारला.

"तिनं हाक मारली का?"

साहेब म्हणाले, "नाही हो. अगदी शांतपणे गेल्या."

आमच्याकडे रेकॉर्डिंग होतं, पण शहाण्यांनी ते पेटीच्या पुढे लावलेलं. जे बाहेर गेलं तेवढंच त्यात. म्हणजे गाणी. आम्हाला ठाऊक होतं, दाराच्या आत काय झालं ते त्यात असूच शकत नाही. तरी अहवालात लिहिलं, "यंत्रणा सुस्थितीत." खाली कानसेनची सही. आणि दुसरी सही… माझी. बघू नका असं. मूग गिळून बसलो, झालं. आणि तो माणूस चौदा महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होता, "पस्तीस वर्षांचा संसार केला, पण जाताना मला हाक मारावीशी वाटली नाही तिला." हे ऐकूनही आम्ही गप्प.

तर, त्या रात्री कानसेननं नवी पेटी रॅकमधे बसवली. कोरी करकरीत, वर प्लास्टिकचा कागद तसाच. दोन वाजून दहा मिनिटांनी तिच्यातून गाणी सुरू झाली. साहेबांना फोन केला. साहेब झोपेतच म्हणाले, "उंबरठा जुनाच ठेव. उद्यापासून नवी मुलगी बसणार आहे रात्रीची."

त्यानं ठेवला. जुनाच. सवयीचा आकडा, बोटांना पाठ.

मग हेडफोन लावून ऐकत बसला. एक गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी अर्धा क्षण जागा असते. त्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

त्याला वाटलं, गाण्यातलाच असेल. पुढचं गाणं संपलं. पुन्हा श्वास. जरा जवळून. काचेपलीकडे स्टुडिओ बंद होता. अंधार. माईक बंद.

उंबरठा आणखी वर नेला. दाराचा लाल दिवा लागला. म्हणजे दार बंद. श्वास थांबला नाही. त्यानं माईकची तार काढली. हातात धरली तार. दुसऱ्या हातानं हेडफोन कानावर दाबला.

श्वास.

पेटीवरचा आवाजाचा काटा हलत होता. श्वासाबरोबर वर, खाली. वर… खाली.

गाणं थांबलं. मधेच. हे गाणं मधे थांबायचं काही कारण नव्हतं.

"खाली कर."

एवढंच. आवाज ओळखीचा. पण तसा त्यानं तो कधीच ऐकला नव्हता. बाई कधी रागावलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या रे.

त्यानं हेडफोन काढला. आवाज खोलीतल्या स्पीकरवर आला.

"खाली कर म्हटलं ना."

त्यानं उंबरठा उतरवायला घेतला. एक घर खाली. आवाज मोठा. आणखी एक. आणखी… प्रत्येक घराबरोबर बाई जवळ. आधी काचेपलीकडे. मग काचेशी. मग…

सगळ्यात खालचा आकडा. लाल दिवा विझला.

शांतता.

अगदी कानाशी, ओला, जड श्वास… आणि मग,

"कानसेन म्हणतात ना तुला? मग ऐकू आलं नाही होय रे?"

  

गाणं पुन्हा सुरू झालं. जिथं थांबलं होतं तिथूनच.

सकाळी सात वाजता तो माझ्या दारात. डोळे तांबारलेले, हातात कागद. त्या नव्या पेटीत आपोआप नोंदी होतात, कुठला आवाज कधी आला, दार कधी लागलं. तो पहिल्या दिवसाची नोंद छापायला गेला होता. तर यादीची सुरुवात सतरा सप्टेंबरपासून. चौदा महिन्यांपूर्वीची! दोन वाजून वीस मिनिटं. आवाज उंबरठ्याखाली. दार बंद. पुढची ओळ, सात सेकंदांनी. आवाज उंबरठ्याखाली. दार बंद. मग पुन्हा. अशा एकेचाळीस ओळी. शेवटच्या काही लांब लांब.

आम्ही घड्याळजींकडे गेलो. चहा नको, पाणी नको, आधी कागद दिला. सगळं सांगितलं. उंबरठा कुणी वर नेला, सही कुणी केली, सगळं. त्यांनी एका डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक ओळ बोटानं वाचत गेले. तिसऱ्या ओळीनंतर लिहिलं होतं, शांतता, राखीव गाणी सुरू.

"वेळ बरोबर आहे," ते म्हणाले. "गाणं लागलं तेव्हा मी घड्याळात पाहिलं होतं. मला वाटलं, दमली असेल."

मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. 

"म्हणजे मारली होती. एकेचाळीस वेळा." भिंग काढून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "मी जागा होतो रे हरामखोरांनो. फोन हातात होता माझ्या."

आम्ही मान खाली घालून ऐकलं. त्याहून जास्त शिव्या खायची आमची लायकी होती.

साहेबांना कागद दाखवला तर म्हणाले, "नवीन मशीन आहे, तारीख चुकली असेल." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्यांच्यासमोर दुसरा अहवाल लिहिला, खरा, आणि दोघांनी सही केली. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. जाऊ देत. साहेबांनी स्वतःच्या हातानं ती यादी पुसली. मशीन बंद करून चालू केलं. एकेचाळीस ओळी. मग कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं आतलं कार्ड काढलं, नवं सीलबंद कार्ड सगळ्यांदेखत फोडून बसवलं. चालू केलं…

एकेचाळीस.

तो माणूस घामाघूम होऊन निघून गेला. त्या कार्डाचं रिकामं खोकं झाडणाऱ्या मावशींनी मला आणून दिलं. वर कपाटात आहे, हवं तर काढून बघा. कार्ड बनवल्याची तारीख छापलीय त्यावर. बाईंना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.