प्रॉडक्ट की मागणारा संगणक

उद्या प्रबंध जमा करायचा, आणि आज रूपालीच्या संगणकात एक अक्षर शिल्लक नव्हतं.

नांदेडहून मार्गदर्शकांना भेटून ती लातूरच्या महाविद्यालयात परतली, तर पडद्यावर कोरं करकरीत विंडोज आणि कोपऱ्यात पाटी : प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोजचा परवाना क्रमांक, टाका. किल्लारीच्या म्हाताऱ्यांनी भूकंपाच्या रात्रीबद्दल सांगितलेलं, तिनं रेकॉर्ड केलेलं सगळं त्या संगणकाच्या पोटात होतं. त्यातल्या उमाबाई तर आता राहिल्या नव्हत्या. त्यांना पुन्हा कुठं जाऊन विचारणार? दुसरी प्रत न ठेवण्याचं शहाणपण तिचं तिलाच खायला उठलं होतं.

संगणक शिकवणाऱ्या विनीता मॅडम धावत आल्या. “कुणी केलं हे?”

“मी,” शेजारच्या टेबलावरचा मिहिर म्हणाला. त्याचाही विषय किल्लारीच. “ताईंचा संगणक सारखा बंद पडून राहिला होता. व्हायरस. विंडोज नव्यानं टाकलं, त्यात डेटा गेला. कीचं स्टिकर निघालेलं, म्हणून की टाकता आली नाही.”

“अरे, मला फोन तरी करायचास!” रूपालीला हुंदका फुटला.

“लावला होता, लागला नाही.”

मॅडमनी शिपाई गुरुबसप्पाला गाठलं. “खोलीची चावी कुणाकडं असते?”

“माझ्याकडं न् या दोघांकडं. पण म्या हात लावत न्हाई मॅडम. दसऱ्याला हळदकुंकू लावलं तेवढंच. ते बी मिहिर सरांच्या संगणकाला.”

“माझ्या नाही?” रूपालीनं डोळे पुसले. “हो, आमच्यात पूजा करत नाहीत. मीच नको म्हटलं होतं.”

“आणि उन्हाळ्यात विजेनं कुणाचा जळला?” मॅडमनी विचारलं.

“मिहिर सरांचाच. आतला बोर्ड बदलला की. संगणकाचे डबे दोन्ही एकसारखेच, एकदम घेतलेले.”

मॅडमनी इंटरनेट जोडलं, वाट पाहिली. पाटी हटेना. मग त्यांनी डब्याच्या मागच्या जाळीवरून बोट फिरवलं, आणि मिहिरचा संगणक सुरू केला.

“बोर्ड बदलल्यापासून तुझ्या संगणकावर की मागणारी पाटी असायची. कुठं गेली?”

“नवी की घेतली.”

“दाखव.”

मिहिर उगीच खण उपसू लागला.

“मूळ की हरवली तरी बिघडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “संगणक तोच असेल तर विंडोज पुन्हा टाकून इंटरनेट जोडल्यावर ते आतला बोर्ड ओळखतं, की मागतच नाही. हा मागतोय. म्हणजे याचा बोर्ड बदललेला. बोर्ड बदललेला संगणक इथं एकच, तुझा. तू दोघांचे डबे आपसात बदललेस. पुढचं कुंकू पुसलंस, मागच्या जाळीत हळद राहिली.” त्यांनी पिवळं बोट वर धरलं.

“रेकॉर्डिंगची नुसती नक्कल का नाही केलीस रे?” रूपालीनं विचारलं.

“मग ते तुझ्याकडंही राहिलं असतं,” मॅडमच म्हणाल्या.

मिहिर उसळला. “डबा असेल तिचा! रेकॉर्डिंग मी केलीत. ऐका, कुठं आहे का हिचा आवाज?”

त्यानंच एक लावलं. उमाबाई बोलत होत्या. रूपालीचे प्रश्न सफाईनं कापलेले. आता रूपालीचं कोण मानणार?

मध्येच उमाबाई थांबल्या.

“रूपाली, तू कामून रडायलीस गं लेकी? म्या वाचले की.”

मिहिरचा हात बंद करायला पुढं गेला. गुरुबसप्पानं तो मनगटात धरला.

“चालू राहू द्या,” रूपाली म्हणाली. “त्यांचं बोलून होऊ द्या.”