कुठे लावू?

"डोळे मीट आणि सा लाव. लागला की मी सांगीन, तोवर उघडायचे नाहीत."

आत्याचं हे वाक्य मला तिच्या चेहऱ्यापेक्षा नीट आठवतं. मी तेव्हा इतकी लहान, की दिवा लावतात, दार लावतात, रोप लावतात, एवढंच ठाऊक. मी विचारलं, "कुठे लावू?" आत्या पोट धरून हसली, आणि घरात ती कायमची थट्टा होऊन बसली. मोठेपणी मी गाणारच, हे मात्र मी सगळ्यांना ठणकावून सांगत असे.

मग रोज दुपारी आम्ही समोरासमोर बसू लागलो. तू सांगेपर्यंत डोळे उघडणार नाही, असं मी तिला कबूल केलं होतं. एका दुपारी समोरून जांभई ऐकू आली. भिंतीला टेकताना तिच्या बांगड्या किणकिणल्या. मी सा धरून बसले, घसा कोरडा पडला तरी. शेवटी आईने स्वतःच्या हातांनी माझे डोळे उघडले आणि म्हणाली, आत्याचा डोळा लागलाय.

तो पुन्हा उघडला नाही. माझं गाणंही तिथंच राहिलं.

आता मी लिफ्टमधल्या आणि दवाखान्यांतल्या सूचना बोलते. बोलणं माझं जात्याच हळू. थोरली बहीण, माझी ताई, म्हणते की घरात तुझा शब्द ऐकू येत नाही आणि गावभरची दारं तुझं ऐकतात. पहाटे देवापुढचा दिवा लागेपर्यंत तर मी तोंडच उघडत नाही. तो माझा नेम आहे, देवाच्या कृपेने आजवर मोडलेला नाही.

काल एका नव्या इमारतीच्या लिफ्टसाठी "कृपया दार लावा" एवढंच बोलायचं होतं. बोलले. रेकॉर्डिस्टने ते परत ऐकवलं. माझ्या वाक्यामागून, अगदी हळू, एका लहान मुलीचा आवाज म्हणाला, "कुठे लावू?"

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हसत विचारलं, घरून कुणाला घेऊन आलात का. त्या खोलीच्या भिंतींना जाड अस्तर आहे. बाहेर कुणी खोकलं तरी आत कळत नाही. मी पुन्हा बोलले. पुन्हा तेच, आणि या खेपेला जरा जवळून. त्याने माइक बदलला, वायरी बदलल्या. मग हसणं सोडून म्हणाला, "मॅडम, उद्या आवाज स्वच्छ मिळाला नाही, तर इमारतवाले दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील."

मला त्याचाच संशय आला. पण त्याला हे शब्द कुठून मिळाले? ती थट्टा ठाऊक असलेलं घरात आता ताईशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि पोरांचे आवाज ती हुबेहूब काढते. घरी जाऊन मी तिला आडून आडून विचारलं.

भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "मला दुसरा उद्योग नाही वाटतं? तूच तर विचारतेस रोज."

"मी? कधी?"

"पहाटे. दिवा लावताना. मला वाटायचं, देवाशी बोलतेस."

माझा विश्वास बसला नाही. आज पहाटे दिव्यापाशी बसले ती डावा तळहात तोंडावर घट्ट दाबूनच. ओठ हलले नाहीत, श्वाससुद्धा नाकाने. वात पेटवली.

दारात उभ्या असलेल्या ताईने मान डोलावली. "विचारलंस बघ," म्हणाली.

दुपारी रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. सूचनेचा कागद उलटा करून ठेवला. रेकॉर्डिस्टला म्हटलं, दिवे राहू देत, मशीन सुरू करा, पण आधी माझं एक राहिलंय.

"काय राहिलंय, मॅडम?"

"सा."

तो काचेपलीकडे मान खाली घालून बटणं बघत राहिला.

मी मांडी घातली. डोळे मिटले. आता ती सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.

सा लावला.

समोर, जिथे नुसती भिंत आहे, तिथे बांगड्या किणकिणल्या.

मग जांभई.