ओढ्याकाठचा पालक

"आधी घाण पाणी येतंय कुठून ते शोधू, मग बोलू," म्हणत स्नेहलनं चपला हातात घेतल्या आणि ती ओढ्यात उतरली. मागून तिचा चुलतभाऊ ओम आणि शेजारची पायल.

दिवाळीच्या सुट्टीत स्नेहल पुण्याहून उरवड्याला दामूकाकांकडे आली होती. यंदा ओढ्यातल्या दगडांवर निळसर थर धरला होता, खेकडे दिसेनासे झाले होते. त्याच पाण्यावरचा काकांचा पालक मात्र जोमात होता आणि उद्या बाजारात जाणार होता.

"पानं कशी तकतकीत हायेत बघ. धुतली की झालं," काका म्हणाले होते. पण घाण पाण्यातून मुळांवाटे पानात शिरलेले धातू धुऊन जात नाहीत, रोज पोटात गेले तर मूत्रपिंडं खराब करतात, हे स्नेहल शाळेत शिकली होती.

"हितं ये," पायलनं हाक मारली. घाणेरीच्या जाळीत ओली पोती पसरली होती. ओमनं ती ओढली, तर खाली पाइप! नळांना चकाकी चढवणाऱ्या प्लेटिंग शेडच्या भिंतीखालून तो निघाला होता आणि हिरवट पाणी ओकत होता. पायलनं भराभर फोटो काढले.

तेवढ्यात शेडचे मालक निरंजनशेठ धावत आले. त्यांनी मुलांना थेट दामूकाकांच्या ओसरीवर आणलं.

"दामूभाऊ, पोरांना आवरा. आमचं पाणी पिण्याइतकं स्वच्छ असतं."

काका ओशाळले. काकूनं पाहुण्यापुढे पालकाच्या गरम भज्यांची ताटली ठेवली. शेठनी चवीनं खाल्ली.

"ही पायलच्या विहिरीवरच्या पालकाची," स्नेहल शांतपणे म्हणाली. "आता ओढ्यावरच्या पालकाची तळायला सांगू?"

शेठचा हात थबकला. "नको, नको. ती नकोत."

"का बरं? पाणी स्वच्छ आहे ना?"

शेठनी ताटली बाजूला सारली. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "व्हय शेठ, का नको?" त्यांचा आवाज चढला. "म्हंजे तुमास्नी ठावं हुतं. आन् आमी ल्हान पोरांना खाऊ घालत हुतो!"

पालक बाजारात गेला नाही. काकांनी फोटो घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. तपासणीत मातीत आणि पानांत क्रोमियम, निकेल प्रमाणाबाहेर निघालं. शेडला कुलूप लागलं. काकांनी उभं पीक उपटलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. माती सुधारेपर्यंत तिथं ॲस्टरची फुलं घ्यायचं ठरलं.

ग्रामसभेत काकांनी तिघांना पुढं उभं केलं. "माझ्या गिऱ्हाइकांची पोटं या पोरांनी राखली," ते म्हणाले. टाळ्या थांबेनात, तशी ओमनं लाजून मान खाली घातली. स्नेहल मात्र ताठ उभी होती.