खैरटोल्याचा आलेख

मुलच्या बाजारात रंभाच्या टोपल्यात मरळ वळवळली आणि फौजदार दामिनी रामटेके जागीच थबकली.

"कुठली गं ही?"

"खैरटोल्याच्या तलावातली." रंभाने मान वर केली नाही. "काऊन, इकूबी नोको का आता?"

गेल्या आठवड्यात त्याच तलावातले रोहू-कतला एका रात्रीत मेले होते. मच्छीमार सोसायटीतून काढलेल्या डोमाच्या, रंभाच्या नवऱ्याच्या, घरात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. दामिनीने त्याला दोरी बांधून याच बाजारातून नेलं होतं.

"मरळी मेल्या नव्हत्या?"

"मरळ नाई, मांगूरबी नाई."

हे मासे वर येऊन हवा घेतात. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ते तगतात. विष मात्र त्यांनाही सोडत नाही.

दामिनी तलावावर गेली. वरच्या अंगाला भूपेशची उसना, म्हणजे उकड्या, तांदळाची मिल होती. मिलकडून येणाऱ्या नाल्यात पांढरा गाळ साचला होता आणि आंबट भपका येत होता. असं आंबलेलं पाणी तलावातला प्राणवायू खाऊन टाकतं. हा भूपेश म्हणजे तिच्या कॉलेजातल्या वामनराव भोयर सरांचा जावई. त्याच्या लग्नात ती वधूपक्षाकडून वाढायला होती.

प्राणवायू आपोआप संपू शकत नाही, म्हणजे विषच, असं सांगणारा आलेख तिला सरांनीच दिला होता. बी. एस्सी.ला ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी. सरांचा म्हणून तिने तो वाचलाही नव्हता. तसाच फाइलला लावला होता.

ती तडक कॉलेजात गेली.

"सर, तो आलेख कॉम्प्युटरवर पुन्हा दाखवता?"

"काय झालं?"

"बघायचाय."

वामनरावांनी नोटबुक उघडली. कॉम्प्युटरच्या या नोटबुकमध्ये समीकरणं, आकडे आणि आलेख एकाखाली एक दिसत. कुठली ओळ कितव्या क्रमाने चालवली तो क्रमांक तिच्याशेजारी आपोआप पडे. तळाशी तोच आलेख होता. प्राणवायूची रेघ पहाटे जरा खाली उतरून पुन्हा वर चढत होती.

दामिनी पडद्यावर वाकली.

"आलेखाचा क्रमांक नऊ. त्याच्या वर असलेल्या या ओळीचा मात्र एकवीस. म्हणजे ही ओळ आलेख काढल्यावर बदललीत?"

"असेल. सवयीने काहीतरी बदललं असेल."

"ओळीत लिहिलंय 'बाहेरून आलेली घाण'. पुढे आकडा आहे. आधी काय होतं?"

वामनरावांनी खुर्ची मागे सरकवली.

"शून्य होतं ना, सर? सगळं वरपासून पुन्हा चालवा."

"दामिनी, त्याची गरज नाही."

तिने स्वतःच कळ दाबली. समीकरणं एकामागून एक सुटली. नवी रेघ मध्यरात्रीनंतर घसरली आणि पहाटे तळाला टेकली.

"तुम्ही आधी शून्य घालून मला दाखवायची ती रेघ काढलीत," दामिनी म्हणाली. "मग खरं काय झालं हे पाहिल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही. खरा आकडा घालून गणित सोडवलंत, उत्तर कळलं, पण आलेख नव्याने काढला नाहीत. जुनाच मला दिलात. त्या दिवशी मिलच्या पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, सर. मग हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला?"

वामनरावांनी चष्मा काढला.

"भूपेशने. मिलच्या सांडपाण्याचं टाकं फुटलं म्हणाला, पोरीच्या संसाराकडे बघा म्हणाला. डोमाला दोन दिवसांत सोडतील, असं वाटलं होतं गं."

तिला त्यांच्याकडे बघवेना. त्याहून स्वतःकडे बघवेना.

संध्याकाळपर्यंत भूपेशला उचललं, सरांचा जबाब झाला. तिने डोमाच्या कोठडीचं कुलूप स्वतः काढलं. तो हळूहळू बाहेर आला. दोरीचे वळ मनगटावर तसेच होते.

"डोमाभाऊ, चूक माझी आहे. मला माफ करा."

डोमा मनगट चोळत राहिला. बोलली ती रंभा.

"बाई, तुमाले येत होतं ना थे गणित? मंग तवाच काऊन नाई पाह्यलं?"

"माझ्या सरांचं होतं," दामिनीच्या तोंडून निघून गेलं. "त्यांच्यावर शंका घ्यावीशी वाटली नाही."

रंभाने नवऱ्याचा हात धरला.

"अन् याच्यावर लगेच वाटली."