ड्रममधली भरती

पालेगावात बारवी धरणाचं पाणी येतं, गोड. मी म्हातारचळ लागून बाल्कनीतल्या निळ्या ड्रमात मीठ ओतलं, असं आमची कौसाबाई मजलाभर सांगत फिरते. नवऱ्याची अब्रू म्हणून काही असते की नाही? नव्या टॉवरात सामान चढवताना पिशवी फाटली, एवढंच झालं. बापाच्या हातचं शेवटचं मीठ होतं ते. बाप भाईंदरच्या मिठागरात कामाला. खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीच्या दारात उजवी करंगळी गेली, तरी नऊ बोटांनी मीठ ओढायचा.

दुसऱ्या दिवसापासून ड्रमला भरती येऊ लागली. मी फूटपट्टी लावून पाहिलं. सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं. पंचांगाशी तंतोतंत.

"डाल कशात शिजवू? पानी खारा झाला," कौसाबाई कावली.

"मीठ वाचलं ना तुझं!"

नात रिद्धी तिकडे कोकणात सर्फिंग करते, फळीवर उभी राहून लाटेवरून घसरते. तिचा किनारा उघडा. समोर बेट नाही, खडक नाही, लाट थेट वाळूवर आपटते. रोज सकाळी तिचा फोन.

"आजोबा, ड्रम काय बोलतो?"

"पुरुषभर लाट. वारा जमिनीवरून, म्हणजे लाट उभी राहील. पाचवी मोठी."

"अ‍ॅप तर समुद्र फ्लॅट बोलतंय."

"अ‍ॅपच्या बापाने मीठ ओढलंय का?"

अ‍ॅप रोज हरायचं.

सर्फिंग स्पर्धेच्या फायनलला राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. "चौथी सोड, पाचवी घे. डावीकडे ओढ आहे, सांभाळ," मी सांगितलं. कौसाबाईने मोबाइलवर स्पर्धा लावली. रिद्धीने पाचवी अशी घेतली की बाई लाटण्यासकट नाचायला लागली.

मग लाट फुटली. फळी वर आली. पोरगी नाही.

ड्रममध्ये डावीकडे भोवरा फिरत होता.

मी अंगठीचा डावा हात कोपरापर्यंत आत घातला. पाणी गारठलेलं. बोटांना केस लागले.

वर ढकललं.

मोबाइलवर रिद्धी उसळून बाहेर आली, खदखदून हसत.

संध्याकाळी अख्ख्या मजल्याला जिलेबी वाटली. रिद्धीचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला.

"सिलेक्ट झाले, आजोबा! पण ऐका ना, खाली दोन हातांनी उचललं मला. एका हातात तुमची अंगठी होती."

"मग! माझाच तो."

"आणि दुसरा?"

मी एकच घातला होता.

"त्याला करंगळी नव्हती, आजोबा."

कौसाबाई उठली. एक जिलेबी तिने ड्रमच्या कडेवर ठेवली.

सकाळी जिलेबी नव्हती. निळ्या कडेवर मिठाचे पांढरे ठसे वाळले होते. चार बोटांचे.