हातून सुटणारा चेंडू

मुलींची रांग तालावर पाय उंचावत होती, तेवढ्यात एक धिप्पाड तरुण छातीशी लांबट चेंडू धरून थेट त्या रांगेत घुसला... रांगेतली ओपल चिखलात बसली, ती त्याच्यासकट.

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. माझ्या रिबिनीला विचारा."

तो कानापर्यंत लाल झाला.

हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलवरच्या, चेंडू हाताने झेलून धावायच्या त्या खेळावरच्या, गाण्यांच्या विनोदी सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. नायक गायचा छान, पण चेंडू आला की डोळे मिटायचा. म्हणून त्याच्याऐवजी धावायला, पडायला, पाठमोरं दिसायला हा धिप्पाड हार्लन... दूरच्या आयोवा राज्यातल्या कॉलेजातला खरा खेळाडू. शेवटच्या गाण्यात त्याला थोडं नाचायचंही होतं. ते शिकवायचं काम ओपलकडे आलं.

जेवणाच्या सुट्टीत प्रेक्षकांच्या लाकडी बाकांच्या सावलीत दोघं नाचत.

"पाय उचला हो. जमीन नांगरताय की काय?"

"घरी तेच करायचो."

ती हसायची. आपण हसावं म्हणून तो मुद्दाम चुकतो, हे तिला उशिरा कळलं. कळल्यावरही तिने चूक दाखवली नाही.

सिनेमा संपला की तो आयोवाला परतणार होता. तिथल्या एका शाळेने त्याला खेळाचा शिक्षक म्हणून बोलावलं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. लख्ख उन्हात नळ्यांमधून पाऊस पाडला होता. हार्लनने चेंडू झेलून धावत यायचं आणि नायिकेला उचलायचं. दुरून घ्यायचं दृश्य, म्हणून नायिकेच्या जागी ओपल. पण चेंडू त्याच्या हातून सुटला. पुन्हा सुटला. परत सुटला.

"आता सुटला तर दुसरा माणूस आणतो," दिग्दर्शक क्रान्ट्झ करवादला.

कॉलर नीट करायच्या निमित्ताने ओपल जवळ गेली.

"तुझ्या हातून चेंडू सुटतो? कोणाला सांगतोस?"

"झेलला, की संपलं ना सगळं..." तो खाली बघत म्हणाला. "मग तू इथे, मी तिथे."

तिच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं.

"तुझ्या त्या शाळेत पोरांना नाच शिकवायला कोणी आहे का?"

"नाही..."

"मग झेल."

चेंडू आला. हार्लनने तो अलगद झेलला, चिखल तुडवत धावला आणि ओपलला उचलून घेतलं. नळ्या बंद झाल्या. पाऊस थांबला.

"झालं, छान झालं," क्रान्ट्झ म्हणाला. "आता सोड तिला."

"मी कधीच सोडलंय," हार्लन म्हणाला. "तीच सोडत नाहीये."